पकड भक्कम आहे, आता चढाईला वेळ द्या

श्री. रॉनी स्क्रूवाला,
संघमालक, यू मुंबा, तसेच संघाचे सर्व प्रशिक्षक यांस,



हे पत्र दिंडोशीहून लिहीत आहे. मालाड-गोरेगावच्या पूर्वेला, द्रुतगती महामार्ग आणि राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर यांच्या मधल्या पट्ट्यात आमची वस्ती आहे. संतोष नगर, नागरी निवारा, कुरार, आप्पा पाडा इथली मुलं-मुली संध्याकाळी आमच्याकडे कबड्डी शिकायला येतात. बहुतेकांचं गाव कोकणात किंवा घाटावर, काहींचे आजोबा गिरणीत होते. या मुलांचा संघ म्हणजे यू मुंबा. तुमचा सामना असला की त्या दिवशी आमचा सराव लवकर सुटतो आणि दुसऱ्या दिवशी निम्मा वेळ त्याच सामन्यावर बोलण्यात जातो.

या बोलण्यात गेली काही वर्षं एकच प्रश्न फिरून फिरून येतो, म्हणून तो जाहीरपणे तुमच्यापुढे मांडतो आहे. जो तरुण संघ पकडीच्या जोरावर उभा आहे, तो चढाईतही मोठा होऊ शकतो का? आमच्यातले अनेक जण म्हणतात, नाही. चढाई उपजत असते, ती लिलावात विकत घ्यावी लागते, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. चढाई घडवता येते, आणि ज्याच्याकडे उत्तम बचाव आहे त्या संघाला ती सगळ्यांत चांगली घडवता येते. मात्र त्यासाठी तुम्हाला तुमच्या काही सवयी बदलाव्या लागतील.

आधी थोडं मागचं. 2014 ते 2016 या काळात यू मुंबाने प्रो कबड्डीच्या पहिल्या तिन्ही अंतिम फेऱ्या गाठल्या. 2015 मध्ये बेंगळुरू बुल्सला 36-30 असं हरवून विजेतेपद आणलं. त्या संघाचा कर्णधार अनुप कुमार स्वतः चढाईपटू होता. त्याची चढाई वादळी नव्हती. तो शांतपणे जायचा, बोनस काढायचा, समोरच्याने घाई केली की त्याला टिपायचा आणि परत यायचा. मागे सुरेंदर नाडा आणि मोहित चिल्लर हे कोपरे उभे असत. तो संघ आम्हाला आवडायचा कारण त्याची चढाई आणि पकड एकाच डोक्याने चालत होती.

2018 मध्ये सिद्धार्थ देसाई आला. चंदगड तालुक्यातला हा उंचापुरा गडी पहिल्याच हंगामात चढाईत दोनशेहून अधिक गुण घेऊन गेला. त्याच्या मागे इराणचा फझल अत्राचली डावा कोपरा सांभाळत होता. पुढच्या लिलावात सिद्धार्थ 1 कोटी 45 लाखांना तेलुगू टायटन्सकडे गेला. मग 2019 चा यू मुंबा खऱ्या अर्थाने पकडीचा संघ झाला. फझल, सुरिंदर सिंग, संदीप नरवाल असा बचाव, आणि चढाईला अभिषेक सिंग व अर्जुन देशवाल ही तरुण जोडी. हा संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि बंगालकडून 37-35 असा हरला. दोन गुणांनी.

त्यानंतर काय झालं, ते मला आजही सलतं. अर्जुन देशवाल मुंबईहून जयपूरला गेला. तिथे तो पहिला चढाईपटू झाला. 2022 च्या हंगामात त्याने चढाईत 296 गुण घेतले, लीगमध्ये सर्वाधिक, आणि जयपूर विजेते ठरले. त्या हंगामाची अंतिम लढत झाली कुठे, तर वरळीच्या एनएससीआय डोममध्ये, म्हणजे तुमच्याच अंगणात. यू मुंबा तेव्हा बाद फेरीतही नव्हता. आठव्या, नवव्या आणि दहाव्या, सलग तीन हंगामांत तुमचा संघ साखळीतच थांबला.

म्हणून सांगतो, चढाईपटू तुमच्याकडे नव्हता असं नाही. तो होता, तरुण होता, पण तो पूर्ण पिकेपर्यंत तुमच्याकडे राहिला नाही.

आता थोडं खेळाच्या आतलं. प्रशिक्षकांना हे सांगायला नको, पण हे पत्र उघड आहे आणि आमच्याकडचे पालकही ते वाचतील. पकडीवर विसंबलेला संघ चढाईत मागे का पडतो? मुलांमध्ये हिंमत कमी असते, असं आपण पटकन म्हणून टाकतो. माझ्या मते कारण खेळाच्या हिशेबात आहे. बाद झालेला गडी आपल्या संघाने गडी टिपला किंवा पकडला की परत आत येतो, आणि जो आधी बाहेर गेला तो आधी येतो. समजा, तुमच्या मध्यरक्षकांनी समोरच्यांचा हुकमी चढाईपटू पकडला. एक गुण मिळाला आणि त्यांचा सगळ्यांत घातक माणूस बाहेर बसला. लगेच चढाई तुमची. तुमचा नवखा पोरगा त्याच जोशात आत घुसला आणि अडकला, तर त्यांना गुण मिळतो आणि त्या गुणाबरोबर तोच हुकमी चढाईपटू उठून मैदानात येतो. बचावाने घाम गाळून जे मिळवलं, ते चढाईने अर्ध्या मिनिटात परत दिलं.

हे दोन-तीनदा झालं की संघ सावध होतो. प्रशिक्षक कडेवरून ओरडतात, रिकामा ये, पण परत ये. पोरगा निदानरेषा ओलांडतो, दोन हात फिरवतो, परत येतो. पहिली चढाई रिकामी, दुसरीही रिकामी. आणि मग येते तिसरी, ‘डू ऑर डाय’, जिच्यात गुण मिळवला नाही तर चढाईपटू बाद. समोरच्या सात जणांना ठाऊक असतं की याला आता आत यावंच लागणार आहे. त्यांना पुढे येण्याची गरज नसते. ते मागे सरकून अंतिम रेषेजवळ साखळी धरून उभे राहतात. तिसऱ्या चढाईत नवखा चढाईपटू अडकतो तेव्हा खरी गडबड आधीच्या दोन रिकाम्या चढायांत झालेली असते.

या तिसऱ्या चढाईच्या सापळ्यातून बाहेर पडायची वाट तुमच्या बचावानेच करून दिलेली आहे, फक्त ती वापरली जात नाही. समोरच्या सात जणांतला मुख्य चढाईपटू बाहेर गेला की त्यांच्याकडे सहा गडी उरतात, आणि सहा गडी असेपर्यंत बोनस खुला असतो. शिवाय चढाईपटू सहसा बचावात कच्चा असतो, त्यामुळे तो गेला की उरलेले सहा जण पकडीला उलट जास्त घट्ट असतात. अशा वेळी अंगावर जाऊन गडी टिपायचा हट्ट कशाला? एक पाय बोनस रेषेपलीकडे, मागचा पाय हवेत, आणि माघारी. बोनसने आपला बाहेरचा गडी आत येत नाही हे खरं. पण पकडीनंतर तुमचे सातही जण मैदानात असतील, तर आत आणायला आहेच कोण? तो एक गुण निव्वळ कमाई आहे, आणि चढाईची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. माझा आग्रह असा की पकडीनंतरची पहिली चढाई ही तुमच्या सरावात वेगळी, स्वतंत्र शिकवली जावी. तिच्यासाठी ठरलेला माणूस असावा, ठरलेली बाजू असावी.

आमच्या वसाहतीत बास्केटबॉलचं वेड असलेली काही मुलं आहेत. त्यांच्याकडून कळलं, आणि मग मी स्वतःही सामने बघितले, की 2025 मध्ये अमेरिकेतली एनबीए स्पर्धा ओक्लाहोमा सिटी थंडर या अगदी तरुण संघाने जिंकली. त्यांची ओळख बचावाची. समोरच्याच्या हातून चेंडू काढून घ्यायचा आणि तो सावरायच्या आत बास्केट करायची, हा त्यांच्या गुणांचा मोठा झरा होता. कबड्डीत तसं धावत जाणं नसतं, चढाई आळीपाळीनेच होते. पण पकडीनंतरचे ते काही क्षण आपल्याकडेही आहेत. समोरचे गडी जागा बदलत असतात, कुणी कुणाचा हात धरायचा ते ठरत असतं. तुमचा चढाईपटू त्या वेळी पकड साजरी करणाऱ्या घोळक्यात असतो.

आता तुम्ही म्हणाल, हे कागदावर ठीक आहे, कुणी करून दाखवलं आहे का? दाखवलं आहे, आणि ते तुमच्या ओळखीच्याच माणसांनी. 2017 मध्ये गुजरातचा नवा संघ आला. बचाव फझल अत्राचली, अबोझर मिघानी, आणि मध्ये सुनील कुमार-परवेश भैंसवाल ही कोवळी जोडी. प्रशिक्षक मनप्रीत सिंग. पहिल्याच हंगामात हा संघ अंतिम फेरीत गेला आणि प्रदीप नरवालच्या पाटण्याने त्याला 55-38 असं उधळून लावलं. पुढच्या हंगामात पुन्हा अंतिम फेरी, आणि पवन सेहरावतच्या बेंगळुरूकडून 38-33 अशी हार. दोन्ही वेळा एकेका अफाट चढाईपटूने त्यांना संपवलं. दुसरा एखादा प्रशिक्षक म्हणाला असता, बस झाला बचाव, आता मला तसाच चढाईपटू आणून द्या.

मनप्रीत हरियाणाला गेला आणि तिथे पुन्हा तरुण बचाव उभा केला. जयदीप, राहुल सेठपाल, मोहित नांदल. 2024 च्या मार्चमध्ये हैदराबादला तोही अंतिम सामना 28-25 असा हरला, पुण्याकडून. अंतिम फेरीत मनप्रीतच्या संघांची ही तिसरी हार. पण त्याने विनय आणि आपला मराठी मुलगा शिवम पटारे यांना चढाईत खेळवत ठेवलं. जोडीला मोहम्मदरेझा शादलू आला, जो मुळात बचावपटू आहे पण चढाईलाही जातो. त्याच वर्षी 29 डिसेंबरला बालेवाडीत हरियाणाने पाटण्याला 32-23 असं हरवून चषक उचलला. समोर देवांक दलाल होता, ज्याने त्या हंगामात तीनशेहून अधिक गुण घेतले होते. अंतिम सामन्यात सर्वाधिक गुण मात्र शिवम पटारेचे. प्रशिक्षकाने बचावाची पद्धत सोडली नाही, चढाईला वेळ दिला, आणि तोच प्रशिक्षक जिंकला.

पुण्याचं उदाहरण तर घाटापलीकडचं. नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार कर्णधार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे अशी फळी. यातला कुणी एक जण तीनशे गुण घेणारा नव्हता. त्यांनी गुण वाटून घेतले. हरियाणाविरुद्धच्या त्या अंतिम सामन्यात सगळ्यांत पुढे होता पंकज मोहिते, ज्याचं नाव सामन्याआधी कुणाच्या तोंडी पहिलं आलं नसतं. मला वाटतं पकडीच्या संघाला हाच नमुना शोभतो. एकच मोठा चढाईपटू असला आणि तो पकडला गेला, तर त्याला परत आणायला चढाई करणारं मागे कुणी उरत नाही. तिघे-चौघे साधारण चांगले असले, तर कुणीतरी मैदानात असतोच.

आणि वाढ किती हवी आहे, तेही पाहा. 2016 च्या अंतिम सामन्यात यू मुंबा पाटण्याकडून 31-28 असा हरला. 2019 ची उपांत्य लढत 37-35. पुणे-हरियाणा अंतिम सामना 28-25. जकार्ताला 2018 च्या आशियाई स्पर्धेत इराणच्या मुलींनी भारताला 27-24 असं हरवून सुवर्णपदक नेलं. त्या इराणी संघाच्या प्रशिक्षक आपल्या नाशिकच्या शैलजा जैन होत्या, आणि भारत हरल्याचं दुःख होऊनही त्यांच्याबद्दल आमच्या मुलींना अभिमान वाटतो. या सगळ्या लढती दोन किंवा तीन गुणांच्या आहेत. चांगला बचाव सामना लांब जाऊ देत नाही, शेवटपर्यंत गळ्याशी आणून ठेवतो. त्यामुळे पकडीच्या संघाला चढाईत दरसामना दहा-बारा गुणांची उडी मारायची गरज नाही. तीन-चार बोनस पुरेत. हे काम एका हंगामात होण्यासारखं आहे, आणि त्यासाठी कोट्यवधींचा गडी लागत नाही.

2024 मध्ये तुम्ही सुनील कुमारला कोटीच्या वर मोजून आणलंत, परवेशही आला. गुजरातची ती जोडी मुंबईत पुन्हा एकत्र उभी राहिली. त्याच हंगामात नवखा अजित चौहान चढाईत दीडशेहून अधिक गुण घेऊन गेला आणि संघ तीन हंगाम हुकल्यानंतर बाद फेरीत पोहोचला. मला हा योगायोग वाटत नाही. रोज सरावात ज्याला सुनील-परवेशच्या मधून सुटायचं आहे, त्याला सामन्यात समोरचा बचाव ढिला वाटणारच. पण एलिमिनेटरमध्ये पाटण्याविरुद्ध तुमचे गुण झाले 23. हरलात 31-23. पाटण्याला 31 वर रोखणं म्हणजे बचावाने आपलं काम केलं होतं. अजितला अडवलं की पुढे कोण, या प्रश्नाचं उत्तर त्या रात्री संघाकडे नव्हतं.

2025 पासून तर नियमानेच हा प्रश्न धारदार केला आहे. साखळीतला सामनाही आता बरोबरीत सुटत नाही. गुण समान झाले की पाच-पाच चढायांचा निकाल, तरीही बरोबरी राहिली तर ‘गोल्डन रेड’ ही निर्णायक चढाई. पकडीचा संघ पूर्वी अशा सामन्यातून बरोबरीचे गुण घेऊन शांतपणे निघायचा. आता पाच चढाया आणि त्यासाठी पाच वेगळे गडी लागतात. पाचवा कोण, हे सामन्याच्या शेवटच्या मिनिटाला ठरवायचं नसतं.

आमच्या मैदानावरचं एक उदाहरण सांगतो, कारण माझा सगळा विश्वास तिथून आला आहे. आमच्याकडे एक मुलगी चढाई करते. चणीने लहान, पायाने चपळ. बोनस काढायची हातोटी तिला होती, तरी एक डावा कोपरा सांभाळणारी मुलगी तिला दर वेळी घोट्याला धरायची. इतर कुणाला जमत नसे, हिला जमायचं. आम्ही चढाईवालीला पाय बदलायला लावला, बाजू बदलायला लावली, काही फरक नाही. शेवटी त्या कोपऱ्यालाच विचारलं की तुला आधी कळतं कसं? ती म्हणाली, तिचा दम ऐकते मी. ही बोनसला पाय टाकायच्या आधी ‘कबड्डी, कबड्डी’ जरा भरभर म्हणते, मग क्षणभर आवाज दाबला जातो. तेवढ्यात मी खाली बसते.

चढाईवालीला हे ठाऊकच नव्हतं. आम्हालाही नव्हतं, कारण आम्ही दोघींचे पाय बघत होतो. मग दोन महिने त्या दोघींची जोडी लावली. चढाईवालीने एकाच लयीत दम घुमवत बोनस रेषेपर्यंत जायचं, कोपऱ्याने डोळे मिटून नुसतं ऐकायचं आणि पाय पडला असं वाटलं की हात वर करायचा. सुरुवातीला कोपऱ्याचा हात दर वेळी बरोबर वर जायचा. हळूहळू चुकायला लागला. पुढे चढाईवाली मुद्दाम दम भरभर करून कोपऱ्याला खाली बसवू लागली, आणि खाली बसलेल्या कोपऱ्याच्या खांद्याला हात लावून परत येऊ लागली. आता आमची ती मुलगी बोनसही काढते आणि गडीही टिपते. तिला शिकवलं तिच्या सगळ्यांत कडक बचावपटूने. आम्ही फक्त दोघींना समोरासमोर आणलं.

हीच विनंती मोठ्या प्रमाणावर तुम्हाला आहे. तुमच्या बचावपटूंना चढाईपटूंचे शिक्षक करा. सरावानंतर मध्यरक्षकाने बसून सांगावं की आज मी तुला तीनदा धरलं ते कशावरून. खांदा कुठे वळला, नजर कुठे गेली, कुठल्या पायावर भार आला. चित्रफितीवरून विश्लेषण करणारी माणसं तुमच्याकडे असतीलच. पण ज्याने घोटा हातात धरला आहे, त्याला जे कळतं ते पडद्यावर दिसत नाही.

दुसरी गोष्ट सवयीची. नवखा चढाईपटू दोनदा अडकला की त्याला बदलायचं, हे प्रो कबड्डीत सर्रास चालतं. बचावावर भिस्त असलेल्या संघात तर फारच, कारण तिथे प्रत्येक गुण जपून वापरला जातो. त्या पोराला हे कळतं. मग तो स्वतःची जागा वाचवण्यासाठी रिकाम्या चढाया काढतो, कारण रिकाम्या हाताने परत आलेल्याला कुणी बाहेर काढत नाही. तुम्ही त्याला जाहीरपणे सांगा की या हंगामात साखळी संपेपर्यंत तू दुसरा चढाईपटू आहेस, अडकलास तरी. आणि त्याचा हिशेब गुणांवर नको, पहिल्या दोन चढायांत त्याने किती वेळा बोनस रेषेपर्यंत खरा प्रयत्न केला, यावर ठेवा. दोन-तीन सामने यात जातील. साखळीत ते परवडतात. एलिमिनेटरमध्ये 23 गुणांवर थांबणं परवडत नाही.

यावर एक आक्षेप मला माहीत आहे आणि तो खोटा नाही. चढाईत धोका वाढवला की बचावावर ताण येतो. गडी कमी होतात, साखळी तुटते, सगळे बाद होऊन लोण बसतो. लोणाचे दोन गुण आणि मोडलेला आत्मविश्वास, दोन्ही महाग. ज्या संघाची ओळखच बचाव आहे त्याने ती पणाला लावू नये, असं अनुभवी लोक म्हणतात. माझं एवढंच म्हणणं आहे की सातही गडी मैदानात असताना धोका घ्या, आणि तिघे-चौघे उरले असताना सावध राहा. आज होतं उलटं. सात जण असताना चढाई रिकामी निघते, आणि तिघे उरल्यावर तिसऱ्या चढाईच्या सक्तीने पोरगा आत्मघाती उडी मारतो. तिघे उरल्यावर तर तुमच्या बचावाला सुपर टॅकलचे दोन गुण खुणावत असतात. तेव्हा चढाईने गप्प राहायचं, आणि त्यासाठी लागणारी मोजणी आधीपासून नीट ठेवायची.

शेवटी आमच्या भागाबद्दल. 2024 च्या जानेवारीत वरळीला तुमचे घरचे सामने झाले. आमची मुलं गोरेगावहून लोकलने महालक्ष्मीला उतरून चालत गेली, घसा बसेपर्यंत ओरडली. त्यानंतरच्या दोन हंगामांत, 2024 आणि 2025 मध्ये, मुंबईत प्रो कबड्डीचा एकही सामना झाला नाही. हैदराबाद, नोएडा, पुणे झालं. विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई, दिल्ली झालं. वेळापत्रक तुमच्या एकट्याच्या हातात नाही, हे आम्ही जाणतो. पण मुंबईच्या नावाने खेळणारा संघ मुंबईला दिसेनासा होतो आहे, आणि नवख्या चढाईपटूला घरच्या प्रेक्षकांचा जो आधार मिळतो तोही जातो आहे. अडकून परत आलेल्या पोराच्या नावाने जेव्हा अख्खं स्टेडियम ओरडतं, तेव्हा तो पुढच्या चढाईला वेगळा जातो. लीगकडे मुंबईचा टप्पा मागा, आणि जोरात मागा.

तोपर्यंत एक गोष्ट तुमच्या एकट्याच्या हातात आहे. हंगाम नसतो त्या महिन्यांत तुमचे तरुण चढाईपटू उपनगरात आणा. दहिसरपासून मुलुंडपर्यंत कबड्डीची मंडळं आहेत. त्यांच्याकडे कोपरे आहेत, मध्यरक्षक आहेत, मातीत घासलेले गुडघे आहेत. तुमचा बोनस काढणारा पोरगा दर आठवड्याला वेगळ्या मंडळाच्या, वेगळ्या सवयीच्या बचावासमोर जाऊ दे. एकाच संघाच्या साखळीवर सराव करून चढाई ठरावीक होते, अनोळखी हातांतून सुटताना ती वाढते. आणि आमच्या पोरापोरींना कळेल की टीव्हीवरच्या माणसालाही घोट्याला धरता येतं.

आमच्याकडे पूर्ण मापाची मॅट नाही, ती तुम्ही आणावी लागेल. मैदान आम्ही झाडून, आखून ठेवू. दिंडोशी मेट्रो स्थानकावर उतरलात की आमची मुलं घ्यायला येतील. पावसाळ्यानंतरचा कुठलाही रविवार चालेल. समोर डाव्या कोपऱ्याला कोण उभं राहणार, हे आम्ही आधीच ठरवलेलं आहे.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,

दिंडोशीतील एक कबड्डी प्रशिक्षक
मालाड (पूर्व), मुंबई